किल्लीला बांधलेलं बूच

माझ्या भावोजींचं आयुष्यात कधीच काही चुकलेलं नाही. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात. चहात साखर जास्त पडली, तर साखरेचा चमचा मोठा असतो. रस्ता चुकला, तर पाटी चुकीच्या जागी लावलेली असते. लग्नाच्या वाढदिवसाला एकदा ते चक्क एक दिवस उशिरा फुलं घेऊन आले, तेव्हा म्हणाले, "कॅलेंडर छापणाऱ्यांना अक्कल नाही." मी त्यांची मेहुणी, म्हणून मला हे असं लिहायची सूट आहे. ताईला बेचाळीस वर्षं ऐकून घ्यावं लागलं.

धंद्याने ते घड्याळजी. त्यांचं दुकान इतकं अरुंद होतं, की गिऱ्हाईक आत आलं की त्यांना स्टूल मागे सरकवावं लागे. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर पांढऱ्या कागदावर मांडलेली इवलीशी चाकं. हात फार चांगला होता, यात वादच नाही. पण दुरुस्त केलेलं घड्याळ पुन्हा मागे पडलं, की ते गिऱ्हाइकालाच सुनवत, "किल्ली देताना तुम्ही घाई करता." गिऱ्हाईक बिचारं माफी मागून जाई.

साठी उलटल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि सगळ्यांना वाटलं, आता हे घरात बसून ताईचा जीव खाणार. त्याऐवजी त्यांनी एक बोट विकत घेतली. जुनी, सोळा फुटी, पांढरी, मागे इंजिन लावलेली. ट्रेलरवरून ती अंगणात आली तेव्हा ताई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "हिच्या खाली कपडे वाळत घालता येतील का?"

बोटीवर त्यांचं प्रेम किती, ते ती पाण्यात असताना कळत नाही. पाण्याबाहेर आल्यावर कळतं. समुद्रावरून आले, की स्वतःचे बूट काढायच्या आधी ते नळाला पाइप जोडून गोड्या पाण्याने इंजिन धुतात, आतून आणि बाहेरून, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. मग गळाच्या काठ्या पुसून भिंतीवर टांगायच्या. रिळं भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात हलकेच बुचकळून सावलीत वाळवायची आणि त्यांना तेलाचा एकेक थेंब द्यायचा. इंजिनाला एक जस्ताची वडी लावलेली असते. खारं पाणी इंजिनाच्या धातूला लागायच्या आधी ती वडी खातं. ती अर्धी झिजली, की भावोजी नवी लावतात आणि जुनी मला दाखवून म्हणतात, "बघ, ही नसती तर इंजिन गेलं असतं." मी म्हणते, "म्हणजे आमच्या ताईसारखी." त्यावर ते ऐकू न आल्यासारखं करतात.

जिथून बोटी पाण्यात सोडतात त्या सिमेंटच्या उतारावर त्यांना सगळे 'तपासनीस' म्हणतात, अर्थात पाठीमागे. कुणाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ढिला दिसला, की हे स्वतः जाऊन तो आवळतात. इंजिनाची एक लाल दोरी असते. ती चालवणाऱ्याने मनगटाला बांधायची, म्हणजे तो पाण्यात पडलाच तर इंजिन आपोआप बंद होतं. ती दोरी कुणी नुसती लोंबकळत ठेवली, तर त्याची खैर नाही. शेजारच्या बोटीचा मालक एक वकील आहे. दिवसभर न्यायाधीशांपुढे बोलणारा तो माणूस भावोजींपुढे खाली मान घालून उभा राहतो.

पण त्यांचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे बूच. बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, अंगठ्याएवढं एक भोक असतं. बोट बाहेर काढली, की त्यातलं पितळी बूच काढायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी वाहून जातं. पुन्हा पाण्यात सोडायच्या आधी बूच लावायचं. एवढं सोपं. आणि एवढं सोपं असल्यामुळेच दर वर्षी कुणीतरी विसरतं आणि सगळ्यांदेखत बोटीत पाणी भरून घेतं. भावोजींनी यावर उपाय काढला होता. बूच काढलं, की ते इंजिनाच्या किल्लीच्याच कड्यात अडकवायचं आणि घरी स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगायचं. किल्ली हातात आली, की बूच आलंच. "यातूनही जो विसरेल, त्याला डोकं नाही," असं ते वकिलाला सांगत. "आणि तुम्ही एक जादा बूच पेटीत ठेवा. तुमचा भरवसा नाही." वकिलाने एकदा विचारलं, "तुमच्याकडे आहे जादा?" भावोजी म्हणाले, "मला लागत नाही."

ताई मात्र सात वर्षांत एकदाही बोटीत बसली नाही. भावोजी आणि त्यांचे एक मित्र रविवारी सकाळी जात. ताई उतारावर घडीच्या खुर्चीत बसून राही. जाताना भावोजी तिच्या हातात चिठ्ठी देत. तीत कुठल्या बाजूला जाणार, किती वाजता येणार आणि एवढ्या वाजेपर्यंत आलो नाही तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, ते लिहिलेलं असे. आत गेलं की मोबाइलला रेंज नसते. ताई ती चिठ्ठी मुठीत धरून विणकाम करायचा प्रयत्न करी. तो स्वेटर सात वर्षांत कोपरापर्यंतच आलाय.

मागच्या वर्षी तो मित्र मुलाकडे राहायला गेला, दूर. अडुसष्टाव्या वर्षी एकट्याने समुद्रावर जायचं नाही, हा भावोजींचाच नियम होता, आणि तो त्यांनी इतक्या लोकांना ऐकवला होता, की स्वतः मोडायची सोय नव्हती. बोट चार महिने ताडपत्रीखाली पडून राहिली. ते रोज संध्याकाळी जाऊन ताडपत्रीच्या गाठी तपासून येत. बाकी काही नाही, नुसत्या गाठी. मला खरंच वाईट वाटायचं.

शेवटी एक दिवस जेवताना ताईच म्हणाली, "मी एकदा येते. जमलं तर येत जाईन. नाही जमलं तर बोट विकायची आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही."

भावोजींचा घास हातात राहिला. "कबूल," ते म्हणाले. मग आठ दिवस त्यांनी बोट अशी घासली, की जणू मुलगीच दाखवायची आहे. बसायला गादी शिवून घेतली. ताईसाठी नवं लाइफ जॅकेट आणलं आणि ते तिला घरात, दिवाणखान्यात, घालून बसायला लावलं, सवय व्हावी म्हणून.

आता माझी कामगिरी. या सगळ्या उत्साहात मलाही वाटलं, आपण काहीतरी करावं. मी गुपचूप त्यांच्या किल्लीवरून दुसरी किल्ली करून घेतली आणि तिला तरंगणारा नारिंगी गोळा बांधून आदल्या संध्याकाळी त्यांना भेट दिली. म्हटलं, पाण्यात पडली तरी बुडणार नाही. भावोजी इतके खूश झाले, की ती त्यांनी तिथल्या तिथे खिशात टाकली.

तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या कुणाच्याच आलं नाही.

सकाळी ताईच्या सोबतीला मीही निघाले. ऊन छान होतं, वारा पडलेला, पाणी शांत. भावोजींनी आमच्या जॅकेटांचे पट्टे आवळले, शिट्ट्या वाजवून घेतल्या, आग विझवायचं नळकांडं दाखवलं, लाल दोरी मनगटाला बांधली. आमच्या वाटची चिठ्ठी उतारावरच्या चौकीदाराकडे दिली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. ताई मधल्या बाकावर दोन्ही हातांनी कड धरून बसली होती. तीन-चारशे मीटर गेल्यावर भावोजींनी वेग कमी केला, इंजिन बंद केलं आणि ताईच्या हातात गळाची काठी देऊन दोरा कसा सोडायचा ते दाखवायला लागले. तिने एक हात कडेवरून काढला. मग दुसराही. ती हसलीसुद्धा. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात ती पायांकडे बघून म्हणाली, "अहो, खाली पाणी आहे. हे असंच असतं का?"

मी भावोजींकडे बघितलं. त्यांची नजर किल्लीकडे गेली. नारिंगी गोळा मजेत हलत होता. बूच घरी होतं, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, जुन्या किल्लीबरोबर. "असतं थोडं," एवढं म्हटलं असतं तरी ताईने विश्वास ठेवला असता. किंवा माझ्याकडे बोट दाखवून "हिच्या किल्लीमुळे," म्हणाले असते, तर ते अगदीच खोटं नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या सवयीने दोन्ही वाक्यं त्यांच्या तोंडात तयार असणार. आणि खरं बोललं की बोट गेली, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"नाही," ते म्हणाले. "असं नसतं. बूच लावायचं राहिलं. माझं चुकलं."

ताईने गळाची काठी खाली ठेवली.

"बोट लगेच बुडत नाही. जॅकेटं अंगात आहेत, किनारा समोर आहे. उभं राहू नका आणि मी सांगतो तेवढं करा." त्यांनी पाणी उपसायच्या पंपाचा खटका दाबला. बाजूच्या नळीतून पाण्याची धार बाहेर पडू लागली, पण आतलं पाणी काही कमी होईना. मग मागचं झाकण उघडून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि टॉवेलचं टोक भोकात कोंबलं. पाण्याने ते ढकलून दिलं. पुन्हा कोंबलं, पुन्हा तेच.

ताईने खाण्याचा डबा उघडला. सगळी सँडविचं माझ्या मांडीवर ओतली आणि तळाची पिशवी बाहेर काढली. "गाजर चालेल का?"

भावोजींनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांपूर्वीचा घड्याळजी दिसला, नेमकं चाक हाताला लागल्यावरचा. "जाड आहे?"

"बघा की."

पहिलं बारीक निघालं. दुसरं त्यांनी तळव्याने ठोकून बसवलं, आणि ते बसलं. ताई रिकाम्या डब्याने पाणी उपसायला लागली, न घाबरता, घरची मोरी तुंबल्यासारखी. मी सँडविचं सांभाळली. कुणीतरी सांभाळायला हवीच होती.

हळूहळू आम्ही परत आलो. वकील उतारावरच होता. "काय हो, इतक्यात?" त्याने विचारलं. चारपाच बोटवाले आसपास होते, सगळे कधी ना कधी भावोजींची बोलणी खाल्लेले. भावोजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बूच विसरलो. तुमच्याकडे जादा आहे ना?"

कुणीच हसलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. वकिलाने पेटीतून बूच काढून दिलं आणि फक्त म्हणाला, "तुम्हीच ठेवायला सांगितलं होतं."

बोट ट्रेलरवर चढली, गाजर निघालं, राहिलेलं पाणी बराच वेळ उतारावरून वाहत राहिलं. भावोजी ते बघत उभे होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "भावोजी, खरं तर माझीच किल्ली..." त्यांनी मान हलवली. "बूच बघायचं काम माझं होतं." मग ताईला म्हणाले, "उद्या जाहिरात देतो."

"कसली?"

"बोटीची. ठरलं होतं ना आपलं. नाही जमलं तर विकायची."

ताई पायातले भिजलेले बूट काढून त्यातलं पाणी झटकत होती. "नाही जमलं, असं कोण म्हणालं?"

"अगं, पाणी भरलं बोटीत!"

"भरलं. आणि तुम्ही म्हणालात, चुकलं. सात वर्षं इथे बसून मला एकच धास्ती असायची. आत काही बिघडलं, तर हा माणूस शेवटपर्यंत 'काही झालं नाही' म्हणत बसेल आणि बुडेल. बुडेल, पण 'चुकलं' म्हणणार नाही." तिने बूट पुन्हा घातले. "आज म्हणालात. आता मला भीती नाही. ते बूच लावा आणि चला. ऊन चढायच्या आत एक तरी मासा बघायचाय मला."

भावोजी ट्रेलरमागे वाकून बूच आवळत राहिले, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ.

मी बोटीत चढायला लागले, तर ताई म्हणाली, "तू थांब इथे. चिठ्ठी कुणाकडे तरी हवी." म्हणजे मी बाजूला. भावोजींनी नवी चिठ्ठी लिहून दिली. साडेअकराला येऊ, बारापर्यंत नाही आलो तर खालच्या नंबरवर फोन कर. ताई या वेळी मधल्या बाकावर नाही, चालवणाऱ्याच्या शेजारी बसली, आणि दोघं गेले.

मी घडीच्या खुर्चीत बसले. दहा मिनिटं मजेत गेली. मग समुद्रावर जितके पांढरे ठिपके होते, त्यातला प्रत्येक ठिपका मी त्यांचा समजून बघितला. साडेअकरा झाले. अकरा चाळीसला मी उभी राहिले. पावणेबाराला चिठ्ठीवरचा नंबर पाठ झाला होता आणि घामाने शाई हाताला लागली होती. ताईने हे सात वर्षं, दर रविवारी केलं, आणि आम्ही तिच्या अर्धवट स्वेटरची थट्टा केली.

बाराला सात मिनिटं कमी असताना बोट दिसली. आधी इंजिन ऐकू आलं, मग ताईचा आवाज. ती भांडत होती. हातातोंडाशी आलेला एवढा मोठा मासा, दोन्ही हात पसरून ती सांगत होती, एवढा, आणि यांनी जाळी शेपटीकडून घातली! गेला ना तो!

भावोजींनी इंजिन बंद केलं. उतारावर सगळे बघत होते.

"बरं बाई," ते म्हणाले, "चुकलं माझं."