मटिल्डाच्या विहिरीचं गोडं पाणी

मटिल्डा तुस्कानोकडे जेवायला बसलं की पहिल्याच घासाला मी ओरडायचे, "अगं बाई, मिठाची बरणी उपडी केलीस की काय?" आणि ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "चिमूटभर तरी घातलंय का विचार आधी! तुझ्या जिभेलाच काहीतरी झालंय, विनया." मग मी पाणी मागायचे. ते प्यायलं की तहान आणखीच वाढायची. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती हट्टी, मी तोंडाळ, आणि मध्ये एक कुंपण. गिरीज गावात आमचं वर्षानुवर्षं हे असंच चाललंय.

तिची वाडी आमच्या वाडीला लागून. केळी, नारळ, थोडा सोनचाफा आणि मधोमध विहीर. ती नंदाखालहून लग्न होऊन आली आणि पुढच्याच वर्षी मी आले. तेव्हा त्या विहिरीचं पाणी काय होतं ते मी स्वतः प्यायलेय. डाळ भराभर शिजायची, नुसतं पाणी पिऊनसुद्धा बरं वाटायचं. गावात कुणा ख्रिस्ती घरी लग्न निघालं की नवरदेवाच्या अंघोळीचं पाणी न्यायला बँड वाजवत लोक याच विहिरीवर यायचे. मटिल्डा नवी साडी नेसून काठावर अशी उभी राहायची, की कुणालाही वाटावं विहीर हिनेच खणली. तिचा नवरा हिलरी बाजूला उभा राहून हसायचा. गरीब माणूस.

पुढे आजूबाजूला इमारती उठल्या, बोरिंगं झाली, टँकरच्या टँकर पाणी उपसून गेलं, जमिनीखालून समुद्राचं पाणी शिरलं, आणि आमच्या बाजूच्या विहिरी एकेक करून खारट व्हायला लागल्या. आमची झाली तशी आम्ही नळ घेतला. मी मटिल्डाला म्हटलं, "तुझंही पाणी मचूळ लागतंय गं." झालं! महिनाभर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. नळाची लाईन तिच्या दारावरून गेली, पण बाईने घेतली नाही ती नाहीच. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या तर म्हणे ऊन वाढलंय. सगळंच काही हट्टाने म्हणत नव्हती ती. पाण्यात खार एकदम आला असता तर पहिला घोट तिनेच थुंकला असता. तो थोडा थोडा करत आला आणि ती रोज तेच पाणी प्यायली, तिला कळणार कुठून?

हिलरीला रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं. मटिल्डाने बरणी उचलून कपाटावर चढवली आणि स्वतःही अळणी जेवायला लागली. कौतुकाने सांगायची, "माझा नवरा अळणी जेवतो, पण एका शब्दाने कुरकुर नाही." रक्तदाब काही उतरला नाही. गोळ्या वाढत गेल्या आणि एके दिवशी हिलरी गेला. बरणी मात्र कपाटावरच राहिली.

मुलगा ॲल्रॉय त्याच्या आधीच जूचंद्रला फ्लॅट घेऊन गेला होता. आता त्या एवढ्या घरात मटिल्डा एकटी. त्यांच्यात संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात. 'नमो मारिया'चा पहिला भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला बाकीच्यांनी. पूर्वी पहिला भाग हिलरी म्हणायचा. आता दोन्ही भाग तीच म्हणते. मला कुंपणाच्या अलीकडून ऐकू येतं, जावंसं वाटतं. पण जाऊन म्हणणार काय? तिला कुणी कीव केलेली खपत नाही.

आणि मग ॲल्रॉयला मुलगी झाली. सून प्रिस्का बाळंतपणात भलतीच आजारी पडली, अंगावरचं दूध काही आलं नाही. पोर पहिल्यापासून डब्याच्या दुधावर. प्रिस्काची रजा संपत आली तेव्हा असं निघालं की आठवडाभर बाळाला गिरीजला आजीकडे ठेवायचं आणि शनिवारी-रविवारी घरी न्यायचं. मटिल्डाच्या अंगात वारं भरलं! माळ्यावरचा पाळणा उतरवला, घासून पुसून उन्हात ठेवला. जुन्या साड्यांच्या दुपट्यांचा ढीग लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची, "आता मला वेळ नाही हं, माझी नात येतेय." मी म्हटलं, "येऊ तर दे, आत्तापासून काय भाव खातेस?" तर हसली. किती दिवसांनी हसली होती.

ठरवायला दोघं आले त्या रविवारी मीही तिथेच होते. प्रिस्का जपूनच बोलली. "मम्मी, एकच गोष्ट. दुधात विहिरीचं पाणी नको. डॉक्टरांनी सांगितलंय, विहिरीचं नाही, बोरिंगचं नाही. नळाचं किंवा जारचं घ्यायचं, तेही उकळून."

"मग मी काय कच्चं पाजणार आहे? खळाखळा उकळून देईन."

"उकळून जंतू मरतात, मम्मी. खार तसाच राहतो. पाणी आटलं की उलट वाढतो."

"खार?" मटिल्डा उठूनच उभी राहिली. "कुणाच्या विहिरीत? तुझा नवरा या पाण्यावर वाढलाय! गावाची लग्नं लागली या पाण्यावर!" ॲल्रॉय मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. बापाचं वळण, दुसरं काय. शेवटी मीच म्हटलं, "अगं, माझ्या नळाचं घे की. कुंपणावरून पाईप टाकते." तर माझ्यावर उलटली. "दुसऱ्याच्या दारात पाणी मागायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही!"

तरी प्रिस्काने ताणलं नाही. एक दिवस ठेवून बघू, म्हणाली. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना तिने बाळ आणलं, डबा आणला, बाटल्या आणल्या आणि उकळलेल्या पाण्याचा मोठा थर्मास ओट्यावर ठेवला. "मम्मी, हेच वापरा, प्लीज." मटिल्डा "हो" म्हणाली. त्या 'हो'वर माझा काडीचा विश्वास बसला नाही.

दुपारी मी मुद्दामच गेले. बाळ पाळण्यात उठून रडत होतं. मटिल्डा स्वयंपाकघरात बाटली हलवत उभी. मी थर्मास उचलून बघितला. सकाळी होता तसाच, जड.

"मटिल्डा! कुठलं पाणी घातलंस?"

"ओरडू नकोस, पोर घाबरेल. चांगलं उकळून निववलंय." तिने बाळाला मांडीवर घेतलं. बाटली त्या चिमुकल्या ओठांपर्यंत नेली आणि थांबली. बाळ तोंड उघडून मान वळवत होतं, बाटली शोधत होतं. मटिल्डाचा हात पुढे सरकेना. मी तिला चाळीस वर्षं ओळखते, पण तिला असं अडखळताना कधी बघितलं नव्हतं. माझ्याशी हट्ट करणं वेगळं आणि एवढ्याशा लेकराच्या पोटात घालणं वेगळं.

तिने बाटलीतले चार थेंब तळहातावर घेतले, चाटले. "गोडच आहे की." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "विनया, तू चाख. आज भांडू नकोस. खरं सांग."

मी म्हटलं, "दुधाची पावडर गोड असते, त्यात काय कळणार? उकळलेलं नुसतं पाणी दे." तिने पातेल्यातलं पाणी पेल्यात ओतून दिलं. मी घोट घेतला.

देवाशप्पथ सांगते, मनात आलं, गोड आहे म्हणून सांगावं. एक शब्द, आणि घरात पाळणा हलत राहील. बाई कुणाशीतरी बोलेल. पण बाळ रडत होतं, आणि मटिल्डाने खरं मागितलं होतं.

"खारट आहे, मटिल्डा. मचूळसुद्धा नाही, चक्क खारट."

तिने पेला माझ्या हातातून घेतला, स्वतः प्यायली. पुन्हा प्यायली. "मला काहीच लागत नाही गं," म्हणाली. मग एकदम तिचा चेहरा उतरला. "म्हणजे... भात याच पाण्यात. डाळ याच पाण्यात. विनया, हिलरी अळणी जेवत नव्हता. एक दिवससुद्धा नाही."

मी बरंच बोलले: त्याचं वय झालं होतं, संध्याकाळचा दारूचा घोटही सुटला नव्हता, पाण्यानेच झालं असं कोण सांगणार? ती ऐकत नव्हती. बाळाला माझ्याकडे देऊन तिने बाटली मोरीत रिकामी केली, धुतली, परत उकळून घेतली आणि थर्मासच्या पाण्यात नवं दूध केलं. बाळ तिच्या मांडीवर घटाघटा प्यायलं. मटिल्डा त्याच्याकडे बघत रडत होती आणि पदराने त्याच्याच गालावर पडलेलं पाणी पुसत होती.

मी तिला कळवळून सांगितलं, "प्रिस्काला यातलं काही बोलू नकोस. पोटात गेलं नाही ना? विषय संपला. रोज माझ्या नळाची कळशी आणून देते, कुणाला कळायचं नाही." पण प्रिस्का न्यायला आली तशी हिने दारातच सगळं सांगून टाकलं. दूध कसं केलं, कुठलं पाणी घातलं, थर्मास कसा तसाच ठेवला. असली खरं बोलणारी! मला तर हिला गदागदा हलवावंसं वाटलं.

प्रिस्का आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. तिने बाळाला छातीशी धरलं. मग हळूच म्हणाली, "मम्मी, आज विनयाकाकी होत्या. उद्या नसल्या तर तुम्हाला कसं कळेल?"

"नाही कळणार," मटिल्डा म्हणाली.

प्रिस्काचेही डोळे भरले. वाईट नाही ती मुलगी. पण बाळ जूचंद्रच्या पाळणाघरात गेलं.

मटिल्डाने आता नळ घेतलाय. पहिलं पाणी आलं तेव्हा तोंड वाकडं करून म्हणाली, "फिकं आहे गं, याला काही चवच नाही." पण पिते तेच, स्वयंपाकही त्यातच. मीठ वेगळं घालायला अजून हात धजत नाही, त्यामुळे जेवण खरोखरच अळणी होतं. मी गुपचूप जेवते.

रविवारी दोघं बाळाला घेऊन येतात, दुधाचं पाणी बरोबर आणतात. तरीही दर शनिवारी संध्याकाळी मटिल्डा नळाचं पाणी उकळते, निववते आणि पेला घेऊन कुंपणाशी येते. "चाख." मला ठाऊक असतं की माझ्याकडे येतं तेच हे पाणी आहे, तरी मी घोट घेते आणि म्हणते, "गोड आहे."

काल चाखून झालं तरी ती हलेना. मग म्हणाली, "तुला माझं जेवण खारट लागायचं. हिलरीलाही लागत असेल का गं? आणि बोलला नसेल?"

"त्याची जीभही तुझ्यासारखीच झाली होती," मी म्हटलं. "त्याला गोडच लागत असणार."

"हं," म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने तिची रोझरी सुरू झाली, पहिला भाग तिचा आणि दुसराही तिचाच. इतकी वर्षं ऐकून तो दुसरा भाग मला पाठ झालाय. मी कुंपणाशी उभी राहून तिच्याबरोबर म्हणते, पण मनातल्या मनात. मोठ्याने म्हणायचा अजून धीर झालेला नाही.