लाल फडक्यातलं पुस्तक

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या स्तनात गाठ निघाली, तपासणीत कॅन्सर ठरला आणि मुंबईच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या आत ऑपरेशनला या म्हणून बजावलं. पनवेलला घरी येऊन मी जाहीर केलं, मरेन पण कापून घेणार नाही. यांनी समजावलं, रागावले, जेवण सोडलं. मी ढिम्म हलले नाही. दत्तगुरूंच्या पोथीचं सात दिवसांचं पारायण करीन, गाठ विरघळेल, हाच हट्ट. श्रद्धा कसली, भीतीने गाळण उडाली होती, दुसरं काय!

घरात पोथी नव्हती, म्हणून वाचनालयात गेले. तिथल्या सगळ्या पुस्तकांना एकसारखी खाकी कव्हरं. नेहमीच्या गृहस्थांच्या जागी एक अनोळखी आजोबा बसले होते. त्यांनी माझं बोलणं ऐकलं, आत जाऊन एक जाडसर पुस्तक आणलं आणि हातात ठेवलं. आंघोळ केल्याशिवाय पोथी उघडू नये, म्हणून मी ते तसंच लाल फडक्यात बांधलं. दुसऱ्या दिवशी न्हाऊन, समई लावून पाटावर बसले, संकल्प सोडला आणि पहिलं पान उघडलं. कॅन्सर म्हणजे काय, संशोधन कुठवर आलं, उपचार कोणते! मी ताडकन उठायला गेले.

समोर सासूबाई. जवळच्या ओवे गावच्या शेतकरी घरातल्या, अक्षरओळख नाही, पण नियमाला कडक. “संकल्प सोडलास ना? मंग उटायचा नाय.”

“अहो आई, ही पोथी नव्हे!”

“देवापुढं ठेवलीस ना? मंग पोथीच ती. वाच.”

झक मारत मोठ्याने वाचू लागले. गाठ कशी वाढते, दुखत नसली तरी ती का दाखवायची, औषधं कशी शोधली गेली, ऑपरेशननंतर हात कसा हलवायचा, सगळं साध्या मराठीत. घाबरवणं नाही की खोटा धीर नाही. आई प्रत्येक प्रकरणाला अध्याय म्हणायच्या आणि मध्येच हात जोडायच्या. तिसऱ्या दिवसापासून मी पुढची पानं चोरून बघू लागले. लवकर सापडलेली गाठ काढली की पुष्कळ बायका बऱ्या होतात, हे वाचलं आणि रडूच कोसळलं. डॉक्टरही हेच सांगत होते, मीच ऐकलं नव्हतं.

सातव्या दिवशी आरती झाली, साखरेचा नैवेद्य झाला. आई म्हणाल्या, “पोथी सांगते, गाठ लवकर काढा. आता कंच्या देवाची वाट बगतेस गो?” मी हसता हसता डोळे पुसले आणि यांना म्हटलं, बॅग भरा.

मी बरी झाले. पुस्तक परत द्यायला गेले, तर ते आजोबा आठवडाभरच बदली आले होते म्हणे. चूक त्यांची की करणी दत्तगुरूंची, मी खोलात गेले नाही. देवाने काय करायचं ते मीच ठरवून बसले होते. त्याने माझं ऐकलं नाही, किती बरं झालं! तेव्हापासून मागताना मी हात जोडते आणि गप्प बसते.

पुढे त्या पुस्तकाची स्वतःची प्रत आणून मी देवघरात ठेवली. एकदा आळीतली एक बाई आली. तिच्याही छातीत गाठ हाताला लागली होती, पण दुखत नाही म्हणून ती हसून टाळत होती. मी पुस्तक काढायला उठले, तोवर आईंनी तिचा हात धरलासुद्धा.

“दुखत नाय म्हनून घरी बसायचा नाय. अध्याय दुसरा. चल, चपला घाल.”