अक्कांनी विचारलं होतं चहाचं

मागच्या हिवाळ्यात साक्रीजवळ माझी जी काही फजिती झाली, ती आज लिहूनच टाकते. नाहीतरी नातेवाइकांत ती तिखट-मीठ लावून फिरतेच आहे... निदान खरी तरी कळू दे.

प्रशांतचं स्थळ आलं होतं. आम्ही जळगावचे, ते साक्रीजवळच्या एका गावातले. आमच्याकडे बघण्याचा कार्यक्रम झाला आणि मग आई, पप्पा आणि मी त्यांचं घर बघायला गेलो.

प्रशांतच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात आणि आईला अक्का. बसलो, पाणी झालं, पिकापाण्याच्या गप्पा झाल्या... मग "तुम्ही दोघं बोलून घ्या जरा" म्हणून आम्हाला गच्चीवर पिटाळलं.

गच्चीवर गेल्या गेल्या प्रशांत म्हणाला, "एक आधीच सांगतो. मित्रांबरोबर मी कधीतरी बियर घेतो. घरी माहीत नाहीये."

मला हसूच आलं. कारण माझंही तेच! तेव्हा मी नाशिकला नोकरीला होते. ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर महिन्या-दोन महिन्यांतून पबमध्ये जायचो. एक ग्लास बियर, मसाला शेंगदाणे आणि दुनियाभरच्या गप्पा... मी त्याला सांगून टाकलं.

एवढी स्थळं बघितली, पण न विचारता स्वतःबद्दल असं खरं सांगणारा कोणी भेटला नव्हता. मनात म्हटलं, बस, हाच. आता मोडायला नको म्हणजे झालं.

खाली आलो. मी आईशेजारी बसले, पण लक्ष सगळं प्रशांतकडे. तेवढ्यात मागून अक्कांचा आवाज आला... "काय व माय, तू लेस ना?"

त्यांच्या अहिराणीत लेस म्हणजे घेतेस. मला वाटलं, झालं! प्रशांतने खाली येता येता सांगितलं वाटतं सगळं. आणि माझं तोंड तर काय, डोक्याच्या आधीच चालतं...

मी सरळ म्हणाले, "हो, पण कधीतरीच. एखादा ग्लास बियर."

आईच्या हातातलं बिस्किट खाली पडलं. पप्पांना ठसका लागला. मी वळून बघितलं तर अक्का चहाचा ट्रे घेऊन उभ्या!

"माय वं! मी ते चहानं इचारं," अक्का म्हणाल्या.

धरणी दुभंगावी आणि आपण पोटात जावं, असं झालं अगदी. आई माझ्याकडे अशी बघत होती की आता जळगावपर्यंत माझी काही धडगत नाही. पण खरं सांगू? आईची भीती नव्हती वाटत. हे स्थळ आता हातचं गेलं, या विचाराने रडू येत होतं.

आणि तेव्हा प्रशांत उभा राहिला. गप्प बसला असता तरी त्याला कोणी काही म्हणालं नसतं. पण म्हणाला, "अक्का, मी पण घेतो."

अक्कांनी ट्रे टीपॉयवर ठेवला. "माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "भरीत पार्टीहून बापलेक इलायची चावीसन येतस, तवय माले समजत नही का?"

आबा एकदम छताच्या पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

मग अक्का माझ्यासमोर येऊन बसल्या. किती घेतेस, विचारलं. म्हटलं, एक ग्लास, कधी तोही उरतो. मग काय करतेस? मग जेवते आणि रिक्षाने रूमवर जाते, स्कूटी नाही चालवत. एकावर थांबता येतं? येतं, मी म्हणाले.

"आमना घरमा बठ्ठा चोरीसन पेतस," अक्का म्हणाल्या. "सांगीसन पेनारी तू पहिलीच शे." आणि कप माझ्या हातात दिला... "ले. चहा थंडा व्हई ऱ्हायना."

लग्न ठरलं हो!

नंतर स्वयंपाकघरात अक्कांनी सांगितलं. त्यांचा सख्खा भाऊ असाच लपून लपून प्यायचा. लपवायचं म्हणून कोणी विचारायचं नाही, कोणी विचारत नाही म्हणून तो वाढवत गेला... घरात उघडपणे बोलणं झालं, तोवर तो दवाखान्यात होता आणि तिथून परत आलाच नाही. त्या दिवशी मला अक्कांबद्दल जे वाटलं, ते अजून तसंच आहे.

लग्नानंतर आम्ही दोघं जळगावलाच राहतो. परवा अक्का-आबा आमच्याकडे आले होते. प्रशांतला प्रमोशन मिळालं, म्हणून चौघं हायवेवरच्या एका गार्डन हॉटेलात जेवायला गेलो. गाडी प्रशांत चालवणार होता, म्हणून त्याने लिंबू सोडा घेतला. आमच्यात हा नियमच आहे. अक्कांनीही सोडाच घेतला. मी आणि आबांनी एक बियर दोघांत घेतली.

अक्कांच्या समोर ग्लास उचलायची आबांची ही पहिलीच वेळ. सुरुवातीला इतके अवघडले होते बिचारे... मग रंगले. तरुणपणी कापसाची गाडी कशी उलटली होती, ते हातवारे करून सांगत होते आणि अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

वेटरने येऊन विचारलं, "अजून एक?" आबांनी कोणाकडेही न बघता ग्लासवर हात ठेवला. "बस झाली. जेवण आण आता." अक्कांनी मसाला पापडाची प्लेट त्यांच्याकडे सरकवली.

परत येताना गाडीत मागे बघितलं, तर अक्का आबांच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेल्या. मी प्रशांतला खूण केली. त्याने आरशात बघितलं आणि हळूच म्हणाला, "आबा पार्टीला गेले ना, की ते घरी येईपर्यंत ही कधी डोळा मिटायची नाही गं."

मला इतकं भरून आलं... म्हटलं, गाडी जरा सावकाश घे, झोपू दे त्यांना.