खुशालभाऊंचं आजारपण

गडचांदूरला आमच्या समोरच्या घरात खुशालभाऊ राहतात. सिमेंट कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा माणूस मोबाईलमधला डॉक्टर झाला. 'आरोग्य परिवार' नावाच्या त्यांच्या ग्रुपवर ढीगभर पेशंट आणि दोन-तीन खरे डॉक्टर आहेत, पण सगळ्यात जास्त सल्ले यांचेच. तोंडात खर्रा ठेवून दुसऱ्याला तंबाखू सोडायला सांगायचे. मला त्यांचा मनापासून राग येतो, हे आधीच सांगून टाकते.

उन्हाळ्यात त्यांच्या बायकोला, रुखमाबाईंना, अंगावरून रक्त जायला लागलं. पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली. घाबरून त्यांनी नवऱ्याला सांगितलं. दवाखाना दोन गल्ल्या सोडून, पण भाऊंनी ग्रुपला विचारायचं ठरवलं. आता बायकोचं असलं दुखणं चारचौघांत कसं लिहायचं? अब्रूचा प्रश्न! म्हणून या शहाण्याने लिहिलं, 'मला लघवीतून रक्त जाते.' आणि बायकोला बजावलं, बाहेर बोलायचं नाही.

झालं. ग्रुपवरच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी करून घ्या म्हटलं, ते भाऊंनी वाचून सोडून दिलं. बाकीच्यांनी मुतखडा ठरवून कुळथाचं पाणी सांगितलं, ते तेवढं पटलं. रुखमाबाई तांबेच्या तांबे पीत राहिल्या. तब्येतीची चौकशी मात्र भाऊंची व्हायची. जोडलेल्या हातांची चित्रं यायची आणि भाऊ एकेकाचे आभार मानायचे. लाज म्हणून नाही!

पोळ्याच्या सुमाराला ग्रुपमधलीच, माजरीची दिव्यानी त्यांना बघायला शहाळी घेऊन आली. मीही तिथेच होते. तिला पाहताच भाऊ खाटेवर आडवे झाले, आवाजही बारीक केला. रुखमाबाई भिंत धरत चहा घेऊन आल्या, चेहरा पांढराफटक. आता रक्त जाणं कमी आहे का, असं दिव्यानीने भाऊंना विचारलं. रुखमाबाईंनी कप खाली ठेवला.

"यायले काई नाई झालं, बाई. रक्त मले जाऊन राह्यलं. उन्हाळ्यापासून."

भाऊ ताडकन उठून बसले. "अवं, लोकं काय म्हणतीन," एवढंच त्यांना सुचलं.

दिव्यानीने तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. आजच्या आज घेऊन या, असं त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी रुखमाबाईंना चंद्रपूरला नेलं आणि तिथून पुढे नागपूरला; भाऊ मागोमाग आले. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. उन्हाळ्यातच आणलं असतं तर ऑपरेशनवर भागलं असतं, आता पसरलाय, असं तिथल्या डॉक्टरांनी भाऊंना तोंडावर सांगितलं.

मी बाहेर आले तेव्हा भाऊ बाकावर मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, रडताहेत. क्षणभर कीवसुद्धा आली. जवळ गेले तर ते ग्रुपवर लिहीत होते, 'आपल्या सर्वांच्या शुभेच्छांमुळे माझी तब्येत आता एकदम ठणठणीत आहे.'