उंबऱ्याबाहेर उभ्या पूर्णिमाताई

"आपण काय पावणं न्हाय, कामाला आलोय," हे पूर्णिमाताईंचं ठरलेलं वाक्य. समाजकार्य शिकणारी मुलं फील्डवर्कसाठी संस्थेत आली, की पहिल्याच दिवशी त्या ते ऐकवायच्या. वस्तीत कुणाच्या घरी चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं. गरिबाच्या चुलीवर आपला भार नको, हे त्यांना त्यांच्या शिक्षकांनी शिकवलं होतं आणि त्यांनी ते व्रतासारखं पाळलं होतं.

यंदा सना आली. ताईंनी तिला झुंबरबाईचं घर दिलं. झुंबरबाईची नात भैरवी आई गेल्यापासून शाळा सोडून घरात बसलेली. ताई वर्षभर उंबऱ्याबाहेर उभ्या राहून समजावत होत्या आणि म्हातारी "बघू की" म्हणत होती. सना मात्र दुसऱ्याच खेपेला आत पोत्यावर बसून झुणका-भाकरी खाताना दिसली. महिन्याभरात झुंबरबाई तिला "लेकी" म्हणू लागली. ताई अजून "मॅडम"च.

एके दिवशी सना हसत सांगत आली, "मॅडम, आजी तयार झाल्या. गुरुवारी भैरवीला घेऊन माझ्याबरोबर शाळेत येणार आहेत."

"छान," ताई म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मात्र त्यांनी सनाला कागलच्या कामगार वसाहतीत कामाला टाकलं. नियम मोडलास, म्हणाल्या. कारण खरं होतं, तरी सांगताना त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.

गुरुवारी त्या स्वतः गेल्या. भैरवी गणवेश घालून दारात उभी होती. झुंबरबाई जागची हलली नाही.

"लेक कुठं हाय माझी?"

"तिला दुसरीकडं काम दिलंय. मी आहे ना. चला, आज नाव घातलं नाही तर पोरीचं वर्ष जाईल."

"ती आली की जाऊ."

"आजी, वर्षभर मी येतेय इथं."

"येतायसा की. पर आत कवा आलाय? घोटभर पाणी न्हाय घेतलं. आमच्या हातचं तुमास्नी चालत न्हाय, कळतंय की आमाला."

ज्या नियमाचा एवढा अभिमान, तो या दारात भलत्याच अर्थानं पोचला होता. भैरवी खाली मान घालून बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती. ताईंनी फोन काढला. "सना, ये. लगेच ये."

सना कागलहून येईपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या. ती आली, सरळ आत गेली, फळीवरचे कप काढले आणि वळून म्हणाली, "बसा की मॅडम." स्वतःचंच घर असल्यासारखी.

ताई बसल्या. चहा आल्याचा होता, गोड होता. पण समोर झुंबरबाई सनाची घसरलेली ओढणी सावरत होती. ताईंनी कप अर्ध्यावरच खाली ठेवला. "शाळेत पुढं जाऊन सांगते," म्हणत त्या उठल्या आणि बोळानं चालू लागल्या.

सनाचं लक्ष नव्हतं. ती भैरवीची वेणी घालत होती. बघत होती ती झुंबरबाई, दारात उभी राहून, ताईंचा अर्धा राहिलेला कप हातात धरून.