उजवीकडे ओढणारी बोट

मोटर उघडून परत बसवली की एखादा नट उरतोच. मोटर झकास चालते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि तो नट टेबलावरून आपल्याकडे बघत बसतो. अमरावतीतल्या माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात अशा उरलेल्या नटांचे तीन डबे भरलेत. किस्स्यांचंही तसंच. काम संपतं, माणसं आपापल्या वाटेनं जातात, किस्सा मागं उरतो! आता सांगतो ते सगळे एकाच बोटीतून उरलेले. वर थोडं वंगण माझं लागलंय, ते ज्यानं त्यानं पुसून घ्यावं.

*

आमच्याकडच्या एका धरणावर मोटरबोट आहे. पल्याडच्या गावाला सडकेनं जायचं तर अडीच तासांचा फेरा, बोटीनं वीस मिनिटं. ती चालवतो देवराव, पिढीजात नावाडी. एका दुपारी तो माझ्या दुकानात येऊन उभा राहिला.

"मिस्त्री, तुमाले मोटर समजते न?"

"समजते म्हंजे? पाण्यात बुडालेल्या हजार मोटरी काढल्या म्या!"

"मंग आमची बी पाहा. ते अजून बुडाली नाही."

बोटीचं दुखणं असं, की स्टेअरिंग जरा सैल सोडलं की बोट उजवीकडे ओढायची. पुढच्या सोमवारी बोटी तपासणारे सरकारी साहेब ट्रायल घ्यायला येणार होते. सरळ चालली नाही तर बोट बंद! मग पल्याडच्या पोरांची शाळा बंद, बाजार बंद, आणि लस द्यायला जाणाऱ्या संगीता सिस्टरचं जाणंही बंद.

मी जन्मात बोटीत बसलो नव्हतो. पोहता तर मला बादलीतही येत नाही. पण तोंडातून निघून गेलं होतं, "होऊन जाईन!" वऱ्हाडी माणसाचं तोंड एकदा चालू झालं की त्याला बंद करायचं बटण नाही.

*

देवराव नऊ वर्षं ती बोट डावीकडे खेचून सरळ ठेवत आला होता. त्यामुळे त्याचा डावा हात पैलवानाचा आणि उजवा शाळामास्तरचा! शिंपी त्याच्या शर्टाच्या दोन बाह्या दोन मापांच्या शिवायचा. एकदा देवरावनं लग्नात डाव्या हातानं कुणाच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली, तर तो गडी पंगतीच्या पलीकडच्या ओळीत जाऊन बसला आणि तिथंच जेवला!

हे खोटं वाटत असेल तर शिंप्याला विचारा. शिंपीही खोटं बोलला, तर मात्र माझा इलाज नाही.

*

बोट सरळ राहावी म्हणून तिथं एक रिवाजच पडला होता. वजनदार माणसं डावीकडे, हडकुळी उजवीकडे. कोण कुठं बसायचं ते सिस्टर ठरवायची. तिला वजनकाटा लागत नसे. नुसतं पाहिलं की झालं!

एकदा लग्नाचं वऱ्हाड आलं. वरमाय चांगली भरगच्च. सिस्टर म्हणाली, "मावशी, तुमी डावीकडे."

वरमाय भडकली. "काहून? मी काय जाड हावो का व?"

नवरदेव पाण्याकडे पाहू लागला. सिस्टर हात जोडून म्हणाली, "तसं नाही व मावशी. सारी बोट तुमच्याच भरोशावर चालली हाय!"

वरमाय डावीकडे गेली, पदर सावरला आणि देवरावला म्हणाली, "चाल रे बावा. मी बसली आता."

*

आता माझा पराक्रम. इंजिन बोटीच्या मागं टांगलेलं. पंख्याच्या वर शेपटीसारखं एक लहानसं पातं दिसलं. बोल्ट ढिला केला की ते इकडेतिकडे वळतं. मी म्हटलं, सापडलं! बोट उजवीकडे ओढते, तर पातं डावीकडे वळवायचं. बैलाला नाही का आपण उलट्या बाजूचा कासरा ओढून सरळ करत?

पातं वळवलं, बोल्ट कसला आणि ट्रायलला निघालो. मी बोटीत पाय ठेवताना सिस्टरनं माझ्या अंगात लाइफ जॅकेट चढवलं आणि मांडीवर लसीचा डबा दिला. "मिस्त्रीभाऊ, जरा सांभाळता का? लय नाजूक काम हाय."

मी तो डबा घट्ट आवळून बसलो. मला पोहता येत नाही, हे तिनं माझ्या तोंडावर वाचलं होतं. चारचौघांत माणसाला काहीतरी घट्ट धरायला लागतं, हेही तिला कळलं होतं. त्या दिवशी डबा रिकामा होता, हे मला काठावर परतल्यावर कळलं. त्या बाईचे उपकार मी कशानं फेडू?

बोट सुरू झाली आणि देवरावच्या पैलवानी हाताचंही ऐकेना. सरळ जायचं सोडून तिनं धरणात गोल रिंगण धरलं. एक फेरा, दोन फेरे, तीन फेरे! काठावरच्या म्हशी चरायचं सोडून पाहत राहिल्या.

देवराव ओरडला, "मिस्त्री, तुमी बोट नीट करून राहिले का धरणाले प्रदक्षिणा घालून राहिले?"

*

चार दिवस मी ते पातं अजून डावीकडे, अजून डावीकडे करत होतो. चारही दिवस देवरावचे वडील, नामदेवबाबा, काठावर जाळं विणत बसले होते. लाकडी डोंग्यावर जन्म काढलेला माणूस. इंजिनाला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

शनिवारी मी हात टेकले. साहेबांना काय सांगायचं, या विचारानं बाबांच्या बाजूला जाऊन बसलो. सहज म्हटलं, "बाबा, तुमाले काय वाटते?"

बाबांनी जाळं खाली ठेवलं. तळहात पाण्यात उभा धरला आणि हळूच तिरपा केला. "पाह्य. पाणी शेपटीले ढकलते, शेपटी तोंड फिरवते. ज्या बाजूले ओढते, त्याच बाजूले शेपटी कर. उगी थोडीशी."

मी पातं उजवीकडे केलं, अगदी गव्हाभर. बोट दोऱ्यासारखी सरळ गेली! देवराव स्टेअरिंग सोडून टाळ्या वाजवू लागला. मी परत येऊन बाबांच्या पाया पडलो. डोळ्यांत पाणी आलं होतं. धरणाचंच उडालं असेल!

"बाबा, चार दिवस काहून नाही सांगितलं?"

"तू अमरावतीचा मोठा मिस्त्री. मले वाटलं, मुद्दाम फिरवून राहिला."

*

सोमवारी साहेब आले. पल्याडचं सगळं गाव काठावर उभं. साहेबांनी समोरच्या काठावरचा पांढरा खांब दाखवला. "त्याच्यावर सरळ न्या."

देवरावनं स्टेअरिंग धरलं आणि बोट डावीकडे निघाली!

"अहो, तक्रारीत तर उजवीकडे लिहिलंय," साहेब म्हणाले. "ही डावीकडे का जातेय?"

मी वळून इंजिनाकडे पाहिलं. पातं हललं? बोल्ट निसटला? देवराव घामाघूम होऊन आणखी जोरात खेचत होता, आणि बोट आणखी डावीकडे.

बोटीत बसलेल्या सिस्टरच्या ध्यानात आलं. बोट नीट झाली होती, पण देवरावचा हात नऊ वर्षांच्या सवयीनं खेचतच होता. ती ओरडली, "देवरावभाऊ, हात सोडा!"

"सोडला तं उजवीकडे जाईन न!"

"नाही जात. सोडा, नाहीतं तुमालेच सुई टोचतो!"

देवरावनं डोळे मिटले आणि दोन्ही हात वर केले. बोटीनं तोंड जिकडे होतं तिकडची सरळ वाट धरली. साहेबांनी एका बोटानं स्टेअरिंग खांबावर लावून दिलं आणि बोट सुतासारखी त्या खांबाला जाऊन भिडली.

साहेबांनी कागदावर शेरा लिहिला, "बोट उत्तम. चालकाने स्टेअरिंगला शक्यतो हात लावू नये."

*

बोट चालू राहिली. पल्याडच्या गावानं मला गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या जेवणाला बोलावलं. वांग्याची भाजी, वरण, आणि वाढणारे असे, की नको म्हणायलाही तोंड रिकामं सापडेना. त्या पंगतीत मला जे मिळालं, ते मी तीस वर्षांत दुकानात बसून कमावलं नाही.

हात धुतो तर समोर काठी टेकत एक म्हातारी. कौसल्याबाई. "तूच का रे तो, बोट नीट केली तो?"

मी डोकं पुढं केलं. तिनं डोक्यावरून हात फिरवला, कानशिलांवर बोटं मोडली.

"लय चांगलं केलं बाबू. पोट्टे शाळेत जाऊन राहिले, सिस्टर येऊन राहिली. देव तुले सुखी ठेवो." मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "पण मायं घर घाटापासून दूर, उजव्या अंगाले. देवरावचा हात थकला, का बोट ओढत ओढत माया दारासमोर लागे. सारे जण उतरत, पाणी पेत, दोन गोष्टी बोलत. आता बोट सीधी घाटावर जाते. माया दारी कुत्रं फिरकत नाही. थोडीशी, उगी थोडीशी वाकडी करून दे न रे बाबू!"

मी देवरावकडे पाहिलं. त्यानं पाना आधीच काढून ठेवला होता.