मुरबेवालीची आरोळी

ती सकाळ आजही आठवते, आणि आठवली की आधी नाकात वास येतो तो बोईसरच्या मासळी बाजाराचा. पोलिसाच्या नोकरीत मोठमोठ्या साहेबांना सलाम ठोकले, त्यातले बरेच नाइलाजाने. मनापासून ठोकावासा वाटला तो त्या बाजारातल्या बायकांना. नावं कुणाचीच लिहिणार नाही, माणसं अजून तिथेच राहतात.

हजेरी उरकून मी चहा घेत होतो. ठाणे अंमलदाराने फोन आणून दिला. पलीकडे बाजारातली सगळ्यात थोरली मावशी होती.

"सायेब, एक पोरगी माज्या पेटीमागं दडवलीय. एक बाप्या तिला खेचून न्यायला आलाय. आमी अडवून धरलाय त्याला, पन लवकर या. नायतर आमीच त्याला साफ करू मावऱ्यासारका!"

मावरा म्हणजे मासळी, आणि मावशी बोलली तसं करणाऱ्यातली होती. महिला पोलिसांना घेऊन मी लगोलग निघालो.

पांढरे बूट घातलेला एक इसम मासळीच्या पाण्यात मधोमध उभा होता. भोवती बायका, प्रत्येकीच्या हातात कोयता. अंगाला कुणी बोटही लावलेलं नव्हतं, पण तोंडाचे पट्टे असे सुटले होते की गडी जागचा हलेना. मुलगी आपली बायको आहे, तिचं डोकं फिरलंय, असं तो सांगत होता.

"बायको हाय ना तुजी?" एकीने विचारलं. "मंग सांग, तिला मावरा कुठला आवडते? बोंबील का मांदेली?"

तो पांढरे बूट झटकू लागला. "अगो, लग्नात जेवला पन नाय वाटते हा!" दुसरी म्हणाली, आणि सगळा बाजार हसला. माझी अर्धी चौकशी तिथेच झाली.

मुलगी बर्फाच्या पेटीमागे मावशीचा टॉवेल पांघरून बसली होती, तापाने फणफणलेली. कंपनीत काम देतो सांगून तिला आणि धाकट्या बहिणीला गावाहून आणलं होतं. इथे इतर मुलींबरोबर एका खोलीत कोंडलं, मोबाइल काढून घेतले आणि दिवसभर पाकिटं भरायला लावलं. ताप उतरेना म्हणून हा तिला रिक्षातून औषधाला घेऊन निघाला होता. बाजाराजवळ रिक्षा अडकली, तशी तिने उडी मारली आणि गर्दीत घुसली.

"साहब, मेरी बहन अंदर है," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

खोली कुठे, ते तिला सांगता येईना. आणलं रात्री, निघाली तापाच्या गुंगीत. ठाण्यात त्या इसमाला समोर बसवलं. अतिशय नम्र माणूस! विचारला की पत्ता देत होता, आणि बीट हवालदार जाऊन बघतो तर तिथे भलतंच कुणी राहतंय. चौकशीत रडणारा, ओरडणारा माणूस मला कधी जड गेला नाही. हा मात्र सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. परत गेला नाही, तर साथीदार मुलींना दुसरीकडे हलवणार, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

मी पुन्हा मुलीकडे गेलो. खिडकीतून काय दिसायचं? काही नाही, पत्रा ठोकलेला. ऐकू काय यायचं? मशीनची घरघर. ती काय, कारखान्यांमुळे अख्ख्या बोईसरला ऐकू येते.

"और रोज एक औरत चिल्लाती है," ती म्हणाली.

"कशी? करून दाखव."

ती लाजली. मग त्या बसलेल्या आवाजात तिने सूर लावला, "भाबीऽ, ओ भाबी, दरवाजा खोऽऽल, मावरा हाय ताजाऽ!"

थोरली मावशी पोरीला सोडून बाजारात परतायला तयारच नव्हती, ती ठाण्यातल्याच बाकावर बसली होती. ताडकन उठली. "अगो बाय, ही तं आमची मुरबेवाली! 'खोल' असा लांब वडनारी दुसरी कोन हाय?"

घरोघर पाटी घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकीची आरोळी वेगळी असते. गिऱ्हाइकाला आतूनच कळतं कोण आलंय ते. मावशीने फोन लावला आणि मुरबे गावाहून मासळी विकायला येणारी ती मुरबेवाली धापा टाकत आली. सगळं ऐकून ती मटकन खालीच बसली.

"देवा रे! मी रोज दरवाजा खोल वरडते, आनि त्यांना भायेरून कुलूप!"

डोळे पुसून ती उभी राहिली. पण फेरीच्या सगळ्या गल्ल्यांत ती हीच आरोळी देते, मग खोली ओळखायची कशी? तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "बहन को मैं घर में चिरई बुलाती हूँ." चिरई म्हणजे चिमणी; ते नाव इथे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

मुरबेवाली पाटी घेऊन पुढे निघाली. मागे आम्ही साध्या कपड्यांत, पंचांना बरोबर घेऊन. एक गल्ली गेली, दुसरी गेली. बंद खोल्यांच्या एका चाळीपाशी एक जण खुर्ची टाकून मोबाइल बघत बसला होता. मच्छीवालीकडे त्याने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

"चिरईऽ, ओ चिरई, दरवाजा खोऽऽल!"

त्याच्या डोक्यावरच्या खिडकीचा पत्रा आतून धडाधड वाजू लागला.

खुर्चीवाल्याला हवालदाराने धरलं, आम्ही कुलूप तोडलं. आम्हाला बघून मुली भिंतीला चिकटल्या. मुरबेवाली मला बाजूला सारून आत शिरली. "भिऊ नको गो पोरी, मी हाय. ताई तुजी वाट बघते." आवाज ओळखून धाकटी तिच्या गळ्यात पडली. दोघी हुंदके देत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरले होते.

पंचनाम्यावर सह्या माझ्या आहेत, शाबासकीही मलाच मिळाली. पण ज्या बायकांच्या आरडाओरड्याला लोक नाक मुरडतात, त्याच ओरडण्याने तो गुन्हा उघडकीस आणला. वस्तीतला कुठलाही आवाज फुकट समजायचा नाही, हे मी तिथे शिकलो.

आता पालघरला राहतो. सकाळी जिन्यात मच्छीवालीची हाक येते. फ्रीजमध्ये कालचे मासे आहेत, असं बायको आतून बजावते. तरी मी उठतो आणि दार उघडतो.